मयत शेळी जिवंत असल्याबाबत

हिंगोलीच्या कोर्टात मी वकिली करते. कोरलेला बांध, अडवलेली पाऊलवाट, पोटगी, वाटणी, मोटारसायकलची धडक, हे माझं रोजचं काम. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सगळ्या जगाचे नियम ठरतायत आणि त्यांच्या मसुद्यावर मला बोलायला बोलावलंय, हे मी बाररूममध्ये सांगितलं, तेव्हा एका ज्येष्ठ वकिलांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही कोणाकडून उभ्या आहात? यंत्राकडून का माणसाकडून?"

"शेळीकडून," मी म्हटलं.

सगळे हसले. मी विनोद केलाच नव्हता.

त्याचं असं झालं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी सेनगावजवळच्या गोरेगावकडचे एक मेंढपाळ माझ्या टेबलाशी आले. साठीचे, उंच, डोक्याला मुंडासं, पायात जाड वहाणा. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "वकीलबाई, माझी शेळी मेली."

"वाईट झालं. कोणी मारली?"

"कोणी न्हाई. पोट फुगून मेली. पण कंपनी म्हणून राहिली की ती जित्ती हाय."

मी पेन खाली ठेवलं. वकिलीत माणसं जिवंत असून कागदावर मेलेली मी पाहिली होती. उलटं पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांनी शेळ्यांचा विमा काढला होता. कंपनी खासगी, नवी, सगळा कारभार मोबाईलवर. माणसाच्या अंगठ्यासारखा जनावराच्या नाकाचा ठसाही वेगवेगळा असतो म्हणे. म्हणून एजंटानं शेळ्यांच्या वाड्यावर येऊन एकेका शेळीच्या नाकाचा फोटो काढला आणि कानात बिल्ला मारला. शेळी मेली की मालकानं मेलेल्या शेळीच्या नाकाचा फोटो पाठवायचा, सोबत उरलेल्या कळपाचेही फोटो पाठवायचे. पुढचं यंत्र बघून घेतं. तर यंत्रानं बघून घेतलं आणि मोबाईलवर निकाल पाठवला. मृत शेळीचा चेहरा नोंदीशी जुळत नाही, नोंदीतली शेळी आपल्या कळपात जिवंत आढळली आहे, अभिनंदन.

'अभिनंदन' हा शब्द खरंच होता. मी दोनदा वाचला.

"फोन केला का कंपनीला?"

"रोज करून राहिलो. एक बाई बोलती. म्या म्हणलं, बाई, तू ये अन् बघ. ती म्हणती, धन्यवाद. म्या म्हणलं, धन्यवाद कशापायी, शेळी मेली ना! ती पुन्यांदा म्हणती, धन्यवाद."

ती बाई नव्हतीच, तेही यंत्रच होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मुंडासं सारखं केलं. मग म्हणाले, "तरीच. बाईमाणूस इतकं ऐकून घेत न्हाई."

त्यांची मागणी अगदी साधी होती. शेळी जित्ती हाय म्हणता, तर आणून द्या. म्या दावा सोडतो. मला ती इतकी आवडली की नोटिशीत मी ती जशीच्या तशी घातली. कंपनीचं उत्तर आलं: निर्णय आमचा नाही, ओळख पटवणाऱ्या प्रणालीचा आहे, आणि ती दुसऱ्या कंपनीकडून घेतलेली आहे. त्या दुसऱ्या कंपनीला लिहिलं. तिनं कळवलं की मूळ यंत्रबुद्धी तिसऱ्याच, परदेशातल्या कंपनीची आहे, आणि वाद असल्यास तो तिकडच्याच शहरातल्या न्यायालयात चालेल. गोरेगावहून सेनगावला जीप मिळते, सेनगावहून हिंगोलीला मिळते. पुढचं कसं जायचं, ते काही त्यांनी कळवलं नव्हतं.

तक्रार दाखल करण्याआधी जागा बघावी, ही माझी जुनी सवय. मी एका रविवारी त्यांच्या वाड्यावर गेले. काट्यांच्या कुंपणात शेळ्या, बाभळीच्या सावलीत बाज, आणि त्यांच्या मंडळींनी मी यायच्या आधीच चुलीवर चढवलेला चहा. मेलेल्या शेळीची जुळी बहीण समोर उभी होती. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, चेहऱ्यावर कमालीचा उद्धटपणा. तिनं माझ्या ओढणीचं टोक चघळायला घेतलं.

"अशीच दिसायची का ती?" मी विचारलं.

"डिट्टो," पक्षकार म्हणाले.

त्यांच्या मंडळी चहा गाळता गाळता सहज बोलून गेल्या, "म्हणून तर एजंट फसला. त्या दिशी ती दुसरी उभीच राहीना. लई उड्या मारल्या. मग तो म्हणला, ऱ्हाऊ द्या मावशी, हिचाच आनखी एक फोटो काढतो. दोघी सारख्याच हायत."

मी पक्षकारांकडं पाहिलं. पक्षकार बाभळीकडं पाहत होते.

"म्हणजे दोन्ही नावांवर फोटो हिचाच आहे?"

"व्हय."

"अहो, मग हे मला सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी इचारलंच न्हाई."

मी बाजेवर बसून पोट धरधरून हसले. यंत्र बरोबर होतं! नोंदीतली शेळी जिवंत होती, आणि ती या क्षणी माझी ओढणी खात होती. पण दुसरी शेळीही मेलीच होती, तिचाही हप्ता भरलेला होता, दोघींच्याही कानांत बिल्ले होते. लबाडी कोणाचीच नव्हती. एजंटाला घाई होती, शेळीला उड्या मारायच्या होत्या. कोणीही माणूस इथवर आला असता, तर चहा गार व्हायच्या आत त्याला सगळं कळलं असतं. पण यायला कोणी नव्हतंच. माझा सगळा खटला इथं येऊन फिरला. यंत्र चुकलं म्हणून भांडायला मी निघाले होते, आणि आता यंत्र चुकलं नसतानाही अन्याय झाला होता.

तक्रारीत मी खरं ते सगळं लिहिलं, फोटोच्या घोळासकट. तारीख पडायच्या आतच कंपनीचा एक अधिकारी जीप करून आला. त्यानं कळपातले बिल्ले पाहिले, जिवंत शेळी पाहिली, मेलेलीचा पुरलेला कान उकरून दाखवतो, असं पक्षकारांनी म्हटल्यावर घाईनं नको नको म्हणाला, आणि उभ्या उभ्या दावा मंजूर केला. जाताना मला फोनवर म्हणाला, "मॅडम, या नोकरीत मला पहिल्यांदा साइटवर पाठवलं. बरं वाटलं." त्याच्या आवाजात खरंच आनंद होता.

हा किस्सा मी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लिहिला. तो कोणीतरी कुठंतरी वाचला, कोणीतरी इंग्रजीत नेला, आणि दोनेक महिन्यांनी मला एक ईमेल आली. जगभरच्या देशांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची कायदेशीर आणि नैतिक तत्त्वं ठरवणारा एक मसुदा तयार होत होता, आणि त्यावर मतं गोळा करणाऱ्या संस्थेला माझंही मत हवं होतं. पत्रात माझ्यासाठी 'बाधित समुदायांचा आवाज' असे शब्द होते.

ते मी आईला वाचून दाखवलं. आई डोंगरकडा गावची, वडील गेल्यापासून आमच्याकडं असते. संध्याकाळी विहारात जाते आणि उरलेला दिवस माझ्याकडं लक्ष ठेवते. ती म्हणाली, "आवाज तर तुझा लहानपणापासून मोठाच हाय. त्यांना कसा काय कळला?"

मसुदा मी वकिलाच्या सवयीनं, पेन्सिल घेऊन वाचला. भाषा सुरेख होती. माणसाची प्रतिष्ठा, पारदर्शकता, न्याय्यता. प्रत्येक वाक्यावर मान डोलावी. फक्त मधे मधे एक शब्दसमूह पेरलेला होता: 'जिथं योग्य असेल तिथं.' यंत्रानं ज्याच्याबद्दल निर्णय दिला, त्याला जिथं योग्य असेल तिथं माणसाकडं दाद मागता यावी. मी पेन्सिल थांबवली. कुंपणातली एवढी फट मला ओळखू येते. तिच्यातून सगळा कळप निघून जातो.

आणखी एक शंका होती. मी संस्थेला विचारलं, हे तत्त्व कोणी मोडलं तर काय होतं? उत्तर आलं की ही तत्त्वं बंधनकारक नाहीत. देशांना त्यांचा अवलंब करण्यासाठी प्रोत्साहन दिलं जाईल. मी नवऱ्याला म्हटलं, आमच्या कोर्टात शेजाऱ्याच्या सांडपाण्याच्या नालीलाही यापेक्षा जास्त ताकद असते. तो म्हणाला, "नालीवरून दोन घरं भांडतात. इथं सगळे देश भांडणार. सुरुवात प्रोत्साहनानंच करावी लागेल." नवरा वीज खात्यात आहे. लोकांना बिलं भरायला प्रोत्साहन देण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे त्याच्या म्हणण्यात वजन होतं.

बैठक ऑनलाइन होती, दुपारी. बोलायचं कोणत्या भाषेत, हा प्रश्न होता. माझं इंग्रजी कोर्टातलं. 'अर्जदार अत्यंत नम्रपणे सादर करतो की' याच्यापलीकडं ते सहज जात नाही. संस्थेनं कळवलं की काळजी नको, आपल्याच भाषेत बोला. यंत्र जागच्या जागी भाषांतर करील. चाचणीच्या दिवशी मी मराठीचा एक परिच्छेद वाचला, अगदी शाळेच्या पुस्तकासारखा, आणि पलीकडून सुबक इंग्रजी ऐकू आलं. आई म्हणाली, "बघ, यंत्राला कळतं. उगं नावं ठेवून राहिली."

दुसरी काळजी विजेची. त्या दुपारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइन बंद राहणार होती. मी नवऱ्याकडं नुसतं पाहिलं.

"अगं, तुझं आंतरराष्ट्रीय आहे म्हणून फीडर चालू ठेवता येत नाही. नैतिकतेवरच बोलणार आहेस ना?"

मग त्यानं त्याच्या भावाकडून मोठी बॅटरी आणली, दुपारची रजा टाकली, आणि माझ्या समोरच्या खुर्चीत दुसरा मोबाईल घेऊन बसला. इंग्रजी भाषांतर कसं जातंय ते तो ऐकणार होता. आई दाराशी बसली, म्हणजे कोणी बेल वाजवली तर तिथूनच हाकलता यावं.

पडद्यावर चौकोनाचौकोनांतून बरीच माणसं दिसत होती. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. माझी पाळी आली. माणसाकडं दाद मागण्याबद्दलची पहिली काही वाक्यं मी पाठ केलेली म्हटली. मग शेळीपाशी आले, आणि मला ते 'अभिनंदन' आठवलं. शाळेचं पुस्तक मिटलं आणि माझी भाषा बाहेर आली.

"आवो, शेळी मेली, अन् यंत्र म्हणून राहिलं, जित्ती हाय! काहून मेली, कोणी इचारलं न्हाई. मालक रोज फोन करून राहिला, अन् तिकडून एक बाई धन्यवाद म्हणून राहिली!"

समोर नवऱ्याचा चेहरा बदलला. तो हातानं काहीतरी खुणावायला लागला. दोन्ही तळवे खाली, वर, खाली. मला वाटलं, आवाज वाढव म्हणतोय. मी वाढवला. तो कपाळाला हात लावून खाली वाकला. मला वाटलं, भारावला.

मी थांबले. अध्यक्षबाईंनी छातीवर हात ठेवला होता. त्या इंग्रजीत हळुवार बोलल्या, आणि माझ्या कानात यंत्रानं मराठीत सांगितलं, "काहूनच्या निधनाबद्दल आम्हां सर्वांना दुःख आहे."

"कोणाच्या?" मी म्हटलं.

दुसऱ्या चौकोनातल्या एका दाढीवाल्या सदस्यांनी हात वर केला. कानात मराठी आली: "हे फार मोलाचं आहे. कुटुंब काहूनशी अजूनही बोलतं का?"

"कोण काहून?" मी विचारलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग सावकाश मान हलवून म्हणाले, "खरंय. खरा प्रश्न हाच आहे."

तेवढ्यात माझी वेळ संपली. नवरा खुर्चीत दुमडून हसत होता, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. जरा वेळानं त्यानं मोबाईलवर आलेलं इंग्रजी मला मराठी करून वाचून दाखवलं. 'शेळी मेली आणि यंत्ररूपानं मागे राहिली. ती जिवंत आहे. काहून मेली, कोणी विचारपूस केली नाही. मालक रोज फोनवर वास्तव्य करतो, आणि पलीकडे एक स्त्री आभार बनून राहिली आहे.'

आमच्याकडं 'म्हणून राहिलं' म्हणजे म्हणतंय, आणि 'काहून' म्हणजे का. हे जगात पुष्कळ लोकांना ठाऊक आहे, पण त्यातलं कोणी त्या यंत्राला शिकवायला गेलं नव्हतं. आई दारातून म्हणाली, "मग काहून म्हणजे कोण समजले ते?"

"शेळी."

आईनं विचार केला. "नाव वाईट न्हाई."

इथवर सगळी गंमत होती. पण पुढच्या आठवड्यात बैठकीचा अहवाल आला, आणि त्यात माझ्या नावासमोर छापलेलं होतं की भारतातल्या पशुपालक समाजांत जनावरं मृत्यूनंतर यंत्ररूपानं जगतात अशी श्रद्धा असल्याकडं या सहभागींनी लक्ष वेधलं. शिवाय मृतांच्या डिजिटल अस्तित्वावर विचार करणाऱ्या उपगटात सामील व्हावं, असं आग्रहाचं निमंत्रण. मला राग आला. हसण्यावारी नेण्यासारखं ते आता राहिलं नव्हतं. माझे पक्षकार सोडाच, गोरेगावच्या अख्ख्या पंचक्रोशीच्या तोंडी मी एक श्रद्धा घातली होती, आणि माणसाकडं दाद मागण्याबद्दल मी बोलले त्यातला एक शब्द कुठं नव्हता.

मी दुरुस्तीसाठी लिहिलं. लगेच उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. मी पुन्हा, सविस्तर लिहिलं. पुन्हा धन्यवाद. तिसऱ्या वेळी मी ओळखलं की या बाईशी माझी जुनी ओळख आहे. मग मी सरळ वकिली नोटीस काढली, अर्जदार अत्यंत नम्रपणे सादर करतो वगैरे, आणि संस्थेच्या सगळ्या पत्त्यांवर पाठवली.

चार-पाच दिवसांनी मी कोर्टातून निघत असताना परदेशातून फोन आला. खराखुरा माणूस होता. दमलेला आवाज, सावकाश, सोपं इंग्रजी. त्यानं माफी मागितली आणि समजावून सांगितलं की अहवाल यंत्रानं तयार केला. ती सेवा संस्थेची नसून एका कंत्राटदाराची आहे. आणि कंत्राटदाराचं म्हणणं असं की भाषांतर करणारी मूळ यंत्रबुद्धी त्याची नाही.

"ती तिसऱ्या कंपनीची असेल," मी म्हटलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

मी कोर्टाच्या फाटकाशी, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभी राहिले आणि त्याला माझ्या इंग्रजीत शेळीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. एजंट, उड्या मारणारी शेळी, दोन्ही नावांवर एकच नाक, धन्यवाद म्हणणारी बाई, जीप करून आलेला अधिकारी. व्याकरणाकडं पाहिलं नाही. तो मधे दोनदा हसला. शेवटी पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"मॅडम," तो म्हणाला, "या मसुद्यातलं माणसाकडं दाद मागण्याचं कलम माझ्याकडंच आहे. ते मीच लिहिलंय."

"मग ते 'जिथं योग्य असेल तिथं' कोणी घातलं?"

"देशांनी. काही देश त्याशिवाय सही करणार नाहीत."

मला त्याची दया आली. सगळ्या भावकीची संमती घेऊन वाटणीपत्र करणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. मी त्याला म्हटलं, अहवाल दुरुस्त करा, आणि मला पुन्हा बोलू द्या. या वेळी मधे माणूस पाहिजे.

माणूस शोधायला त्यांना वेळ लागला. शेवटी मिळाल्या त्या मूळच्या पुण्याच्या, लग्नानंतर तिकडंच स्थायिक झालेल्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. दुसरी बैठक छोटी होती: अध्यक्षबाई, तो दमलेला माणूस, दुभाषीबाई आणि मी. मी ठरवूनच तेच वाक्य म्हटलं. यंत्र म्हणून राहिलं, जित्ती हाय.

दुभाषीबाई थांबल्या. "क्षमा करा हं. यंत्र म्हणून कुठे राहिलं?"

मी उत्तर द्यायच्या आत दारातून आई ओरडली, "म्हणून राहिलं म्हंजी म्हणतंय! रहायचं कुठं काय त्याच्यात!"

दुभाषीबाईंनी ते ऐकलं, हसल्या, आणि इंग्रजीत नीट सांगितलं. मग मी अध्यक्षबाईंना म्हटलं, बघा, यांनाही माझं वाक्य कळलं नव्हतं. यंत्राला कळलं नाही आणि यांनाही नाही. पण या थांबल्या आणि विचारलं. मला एवढंच मागायचंय. यंत्र कधी चुकणार नाही अशी हमी मला नको. माझ्या पक्षकाराच्या वेळी तर ते बरोबरच होतं. 'कळलं नाही, पुन्हा सांगा' म्हणणारं कोणीतरी तिकडं पाहिजे, आणि ते योग्य आहे की नाही हे कंपनीनं ठरवायचं नाही.

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. मग जरा संकोचून विचारलं, "म्हणजे शेळीचं नाव काहून नव्हतं?"

"शेळीला नावच नव्हतं," मी म्हटलं. त्या किंचित खट्टू झाल्या. मलाही वाईट वाटलं; पहिल्या बैठकीत त्यांनी तिच्यासाठी मनापासून दुःख केलं होतं.

अहवाल दुरुस्त झाला. यापुढं यंत्रानं भाषांतर केलेलं बोलणं छापण्याआधी बोलणाऱ्याला दाखवायचं, असा नियम संस्थेनं स्वतःला लावून घेतला. तो मात्र बंधनकारक होता. मसुद्याचं अंतिम रूप हिवाळ्याच्या तोंडावर आलं. मी घाईघाईनं ते कलम शोधलं. 'जिथं योग्य असेल तिथं' गेलं होतं. त्याच्या जागी 'जिथं शक्य असेल तिथं' आलं होतं. मी कपाळावर हात मारला. मग पुढं वाचलं. वाक्याच्या शेवटी चार नवे शब्द होते: 'त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत'. देशांनी त्याला हरकत घेतली नव्हती, असं त्या दमलेल्या माणसानं फोनवर कळवलं. बहुधा त्यांचं लक्ष दुसऱ्या शब्दावर होतं, असंही तो म्हणाला आणि खुशीत हसला. बाररूममध्ये मी पेढे वाटले. ज्येष्ठ वकिलांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "म्हणजे जिंकलात का हरलात?" मी म्हटलं, तडजोड झाली. ते म्हणाले, "मग खरा दावा होता."

मसुद्याची मराठी आवृत्ती करायचं काम दुभाषीबाईंनी आणि मी मिळून घेतलं. फोनवर आम्ही रोज भांडायचो. थंडीत त्या पुण्याला भावाकडं आल्या आणि तिथून गाडीनं हिंगोलीला, मला भेटायला म्हणून. ठेंगण्या, चटपटीत, पर्समध्ये तीन चष्मे. आईनं त्यांचा ताबा घेतला. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं नवऱ्याच्या गाडीतून सिद्धेश्वर धरणावर गेलो. पाणी भरपूर होतं. काठावर जाळी वाळत घातली होती, आणि जवळच एका टपरीवर ताजे मासे तळून मिळत होते. आम्ही मासे सांगितले आणि बाकड्यावर कागद पसरले.

एकच शब्द अडला होता. यंत्रानं केलेल्या निर्णयाबद्दल उत्तर द्यायला कोणीतरी बांधील असणं, याला मराठीत काय म्हणायचं.

"उत्तरदायित्व," दुभाषीबाई म्हणाल्या. "नेमका शब्द आहे."

"नेमका आहे, पण कोणाच्या तोंडात बसत नाही. जाब. जाब देणं. आमच्याकडं पोरगंसुद्धा म्हणतं, जाब दे."

"जाब म्हणजे दरडावणं झालं. इथे देश आहेत, सरकारं आहेत. जरा अदबीनं."

"दरडावल्याशिवाय कोण उत्तर देतं?"

"तुम्ही वकील आहात म्हणून तसं वाटतं."

"तुम्ही शिक्षिका होतात. तुम्ही वर्गात उत्तरदायित्व मागायचात का?"

त्यांना हसू आलं, पण त्या मागं हटल्या नाहीत. त्यांनी तिसरा चष्मा लावला. मी पेन्सिल काढली. जबाबदारी म्हणावं का, तर ती तर सगळेच घेतात आणि कोणीच निभावत नाही. उत्तर द्यायला बांधील म्हणावं, तर वाक्य लांबतं. आई मधे म्हणाली की आधी जेवा, पण आमचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. पाण्यावरून गार वारा येत होता, कागदांवर दगड ठेवले होते, आणि मला अचानक जाणवलं की गेलं वर्षभर मी इतकी मजेत कधी भांडले नव्हते.

शेवटी असं ठरलं: कलमात 'उत्तरदायित्व' आणि खालच्या टिपेत, सोप्या मराठीत, 'म्हणजे जाब द्यावा लागणं'. दोघींनी सह्या केल्यासारखं मान हलवलं आणि ताटाकडं वळलो. ताट रिकामं होतं. नवरा आणि आई हात धुवायला नळाकडं निघाले होते.

आम्ही मासे पुन्हा सांगितले.